रेड वाइन चाखायची कशी: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"रेड वाइन नुसती कडवट लागते" असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती तीस अंशांच्या खोलीत, काठापर्यंत भरलेल्या ग्लासातून, चिवड्याच्या घासागणिक प्यायलेली असते. "तिला कसला वासच येत नाही" म्हणणाऱ्यांनी ती फ्रिजमधून काढून तशीच ओतलेली असते. दोन्ही वेळा बाटलीत सहसा काही खोट नसते, चूक ओतण्याआधीच झालेली असते. दुसरी गडबड क्रमाची. पहिल्याच घोटाला लोक "यात ब्लॅकबेरी लागतेय का?" हे शोधत बसतात आणि वाइन किती आंबट, किती तुरट, किती जड हे पाहायचं राहूनच जातं. वासांना नावं देणं हे सगळ्यांत शेवटचं काम. आधी वाइनची बांधणी समजली पाहिजे.

पुढचा क्रम चार जणांनी घरी बसून तीन वाइन्स चाखण्यासाठी आहे. प्रत्यक्ष चाखायला दीडेक तास लागतो. तयारी मात्र आदल्या दिवशी सुरू करावी लागते.

## १. बाटल्या: एक नको, तीन घ्या

एकच वाइन समोर असेल तर ती "जास्त तुरट" आहे की "कमी", हे कशाच्या तुलनेत ठरवणार? शेजारी दुसरा ग्लास असला की फरक आपोआप कळतो. म्हणून साधारण एकाच किमतीच्या, वेगवेगळ्या द्राक्षांच्या तीन बाटल्या घ्या:

- एक हलकी: पिनो न्वार किंवा सांजोव्हेसे
- एक शिराझ
- एक कॅबरने सोव्हिन्यों

महाराष्ट्रात नाशिक भागातली शिराझ आणि कॅबरने सहज मिळते. सांजोव्हेसे अकलूजकडची मिळते. तिन्ही बाटल्या कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या असाव्यात. गोव्यात स्वस्तात मिळणारी 'पोर्ट' या बैठकीत आणू नका. ती गोड असते आणि तिच्यानंतर कुठलीही कोरडी वाइन आंबटढाण लागते. ज्यांची रेड वाइनशी पहिली ओळख त्या पोर्टवर झाली आहे, त्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लेबलवरचं साल द्राक्षं तोडल्याचं असतं. नाशिकला तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास. त्यामुळे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत नाशिकची सहा-सात महिन्यांनी मोठी असते. मध्यम किमतीची रेड तोडणीपासून चार वर्षांच्या आतली घ्या. अशा बहुतेक वाइन्स जपून ठेवण्यासाठी केलेल्या नसतात.

तपासा: बाटली दुकानाच्या उन्हातल्या शोकेसमध्ये उभी होती का? बूच तोंडाच्या वर फुगून आलंय का? वेष्टणाखाली चिकट ओघळ आहे का? वाइनची पातळी मानेच्या खाली उतरली आहे का? यातलं काहीही दिसलं तर ती बाटली नको, उष्णतेने वाइन शिजलेली असण्याची शक्यता मोठी. फिरकीचं झाकण असणं हा दोष नाही. लवकर प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा सोयीचं पडतं.

## २. आदल्या दिवशी: जिभेला माप शिकवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग बैठकीत आंबट, तुरट आणि कडू यांची सरमिसळ करतात. स्वयंपाकघरात अर्धा तास काढा आणि चार ग्लास तयार करा.

- आंबट: २०० मिली पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस. घोट घेऊन टाकून द्या, तोंड किंचित उघडं ठेवून मान खाली करा. जिभेखाली आणि गालांच्या कडेने लाळ सुटते. वाइनमधली आम्लता अशीच मोजायची, सुटलेल्या लाळेवरून.
- आंबट आणि गोड: तेवढ्याच पाण्यात तेवढंच लिंबू आणि दोन चमचे साखर. आम्ल तेवढंच आहे, तरी आंबटपणा उतरलेला वाटतो. लाळ मात्र जवळपास तेवढीच सुटते. म्हणजे जिभेच्या पहिल्या मतापेक्षा लाळेवर भरवसा जास्त.
- तुरट: दोन चमचे चहापूड २०० मिली पाण्यात आठ मिनिटं उकळा. दूध-साखर न घालता गार करा. हिरड्या, ओठांची आतली बाजू आणि गाल कोरडे, खरखरीत होतात. हे टॅनिनचं, म्हणजे चहात आणि रेड वाइनमध्ये असणाऱ्या तुरट द्रव्याचं काम. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. कडूपणा वेगळा. तो चव म्हणून जिभेवर रेंगाळतो.
- अल्कोहोल: ६० मिली व्होडका आणि १३० मिली पाणी. भारतीय व्होडका ४२.८ टक्क्यांची असते, त्यामुळे हे मिश्रण साधारण साडेतेरा टक्क्यांचं होतं, म्हणजे एखाद्या शिराझइतकं. घशात आणि छातीच्या वरच्या भागात ऊब जाणवते, ती लक्षात ठेवा.

आता उरलेल्या काळ्या चहात दोन चमचे दूध घाला आणि पुन्हा घोट घ्या. तुरटपणा झटकन उतरतो, कारण टॅनिनला धरायला दुधातली प्रथिनं मिळाली. चाखताना चीज का नको, याचं उत्तर याच घोटात आहे.

जिभेचं टोक गोड ओळखतं, कडा आंबट, असा नकाशा शाळेच्या पुस्तकांत असायचा. तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, म्हणून घोट तोंडभर फिरवायचा.

## ३. खोली, ग्लास आणि तोंड

वेळ सकाळी अकरा-साडेअकराची सर्वांत चांगली. पोट रिकामं नसतं, भरलेलंही नसतं. ते जमत नसेल तर संध्याकाळी, पण घरात फोडणी पडण्याआधी. उदबत्ती, रूम फ्रेशनर, डासांची कॉइल, अत्तर, गजरा, सगळं त्या खोलीबाहेर. मोगऱ्याच्या एका गजऱ्यापुढे पिनो न्वारचा वास टिकत नाही. उजेड पांढरा हवा. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक रेड वाइन विटकरी आणि म्हातारी दिसते.

ग्लास दांडीचे, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते, आणि सगळे एकाच आकाराचे. चाखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्लासची क्षमता फक्त २१५ मिली असते, त्यामुळे फुटबॉलएवढे महागडे ग्लास नसले तरी काही बिघडत नाही. व्हिस्कीचे सरळ ग्लास मात्र नको. त्यांतून वास वर उडून जातो आणि तळहाताच्या उबेने वाइन तापते. आकार वेगवेगळे असतील तर तुम्ही वाइनची नव्हे, ग्लासांचीच तुलना करत बसाल.

ग्लास गरम पाण्याने धुवा, साबण लावलाच तर भरपूर विसळा. नंतर रिकामा ग्लास हुंगा. कपाटाचा, पुठ्ठ्याच्या खोक्याचा किंवा दमट फडक्याचा वास ग्लासला हमखास लागलेला असतो आणि त्याचं खापर वाइनवर फुटतं. ग्लास उपडे ठेवलेले असतील तर कपाटातली कोंदट हवा आतच अडकते. शंका असली तर चमचाभर वाइन आत फिरवून ती टाकून द्या.

तोंडाची तयारी: आधी किमान तासभर पान, सुपारी, तंबाखू, वेलची, कॉफी, पेपरमिंट काही नको. दात घासायचेही तासभर आधीच. टूथपेस्टमधलं फेस आणणारं द्रव्य गोडवा दाबतं आणि कडूपणा वाढवतं. सर्दी असेल तर बैठक सरळ पुढे ढकला.

सोबत खायला साधा पाव किंवा कोऱ्या भाकरीचा तुकडा, प्यायला साधं पाणी. फरसाण, चिवडा, शेव नंतर. अल्कोहोल आणि मिरचीतलं तिखट द्रव्य तोंडातल्या एकाच प्रकारच्या, उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांवर काम करतात. दोन्ही एकत्र आले की आग दुप्पट आणि वाइन गायब.

आणि पिकदाणी. उभट स्टीलचा डबा, तळाला थोडं पाणी. थुंकायला लोक लाजतात म्हणून हिशोब मांडतो: तीन वाइन्सचे तीन आणि पुढे येणारा एक जास्तीचा, असे चार ग्लास, प्रत्येकी ५० मिली म्हणजे २०० मिली. साडेतेरा टक्क्यांनी त्यात २७ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. तेवढं पोटात गेल्यावर शेवटच्या वाइनबद्दलचं तुमचं मत तुमचं उरत नाही.

सावधान: थुंकल्यावरही थोडं अल्कोहोल शरीरात जातंच. गाडी चालवणाऱ्याने या बैठकीत ओतायचं आणि टिपायचं काम घ्यावं.

## ४. तापमान

सगळ्या तयारीत एकच गोष्ट नीट करायची झाली तर ही करा.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड देशांतल्या, हीटर नसलेल्या दगडी घरांतला आहे. तिथलं रूम टेंपरेचर सोळा-अठरा अंश. पुण्याच्या एप्रिलमध्ये किंवा मुंबईत वर्षभर तो सल्ला पाळला तर वाइन अठ्ठावीस-तीस अंशांवर ग्लासात येते. त्या तापमानाला अल्कोहोल पुढे येतं, नाकाला झोंबतं, फळांचा वास शिजलेल्या जॅमकडे झुकतो. उलट फ्रिजमधल्या पाच अंशांवर वास झोपतात आणि टॅनिन व कडूपणा टोचायला लागतो. सुरुवातीच्या दोन्ही तक्रारी इथूनच येतात.

लक्ष्य असं ठेवा:

- हलकी रेड: १३ ते १५ अंश
- शिराझ, कॅबरने: १६ ते १८ अंश

तीस अंशांवरची ७५० मिलीची बाटली सतरापर्यंत आणायला फ्रिजमध्ये सुमारे दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून त्यात मानेपर्यंत बुडवा, दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. स्वयंपाकघरातला कांडीचा थर्मामीटर असेल तर अंदाजावर राहायची गरजच नाही.

ओतताना वाइन लक्ष्यापेक्षा दोन अंश थंड असू द्या. गरम खोलीत ग्लासातली ५० मिली वाइन बघता बघता तापते. आणि हो, ग्लासात बर्फ टाकणं म्हणजे थंड करणं नव्हे, पातळ करणं.

तपासा: एक छोटा प्रयोग सर्वांना करायला लावा. एकाच बाटलीतली वाइन दोन ग्लासांत, एक सोळा अंशांवर, दुसरा अर्धा तास बाहेर ठेवून तापलेला. कुणालाही न सांगता पुढे करा. "या दोन वेगळ्या वाइन्स आहेत" असं उत्तर आलं तर तापमानाचा धडा पुन्हा द्यावा लागत नाही.

सावधान: लवकर व्हावं म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलेली बाटली लोक विसरतात. वाइन गोठली की बूच बाहेर येतं किंवा काच तडकते. बाटली फार थंड राहिल्याने तळाला चकाकणारे बारीक खडे दिसले तर ती काच नाही, द्राक्षातलं टार्टारिक आम्ल क्षाररूपाने खाली बसलंय. त्याने काही अपाय होत नाही.

## ५. उघडणं आणि हवा देणं

वेष्टण बाटलीच्या ओठाखालून कापा, स्क्रू बुचाच्या मध्यावर लावा, बूच निघाल्यावर बाटलीचं तोंड पुसा. बूच हुंगून फारसं काही कळत नाही, ते बुचाच्याच वासाचं असतं. त्याऐवजी ३० मिली ओतून वाइन हुंगा. खराब बाटली असेल तर ती इथेच बाजूला काढायची, हवा द्यायला काचेच्या जगमध्ये ओतल्यावर नव्हे.

बाटली तासभर उघडी ठेवून वाइन 'श्वास घेते' ही समजूत सोडा. बाटलीच्या मानेत हवेला भिडणारा पृष्ठभाग एका नाण्याएवढा असतो. हवा द्यायची तर वाइन रुंद काचेच्या जगमध्ये ओतली पाहिजे. कोवळ्या, जास्त टॅनिनच्या कॅबरनेला अर्धा ते एक तास पुरतो. हलक्या रेडला गरज नसते. दहा-बारा वर्षांची जुनी बाटली हाती लागलीच तर ती दिवसभर उभी ठेवा, हळू ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. तिला फार हवा नको, तिचा नाजूक वास अर्ध्या तासात उडू शकतो.

सावधान: तांब्या-पितळेच्या भांड्यात वाइन ओतू नका. ती आम्लधर्मी आहे, धातूशी रासायनिक क्रिया होते.

## ६. बाटल्या झाका

एकाने बाटल्या वर्तमानपत्रात मानेसकट गुंडाळाव्या. दुसऱ्याने त्यांचा क्रम बदलून आकडे टाकावे. मान उघडी राहिली तर झाकणावरून ओळख पटते, आणि खांद्यांच्या आकारावरूनही: कॅबरने सहसा ताठ खांद्यांच्या बाटलीत, शिराझ बहुधा उतरत्या खांद्यांच्या बाटलीत मिळते.

लेबल दिसलं की जीभ लेबलचंच ऐकते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली होती. त्यांनी तिचे वास रेड वाइनच्या शब्दांत लिहिले. शिकणाऱ्यांचं असं होतं तर आपल्याला कागदाची घडी परवडते.

चौथा ग्लासही मांडा आणि त्यात तीनपैकीच एक वाइन पुन्हा ओता. कोणती ते कुणाला सांगू नका. कोणते दोन ग्लास सारखे हे ओळखणं हा प्रत्येकाचा खरा पेपर.

प्रत्येक ग्लासात ५० मिलीच. घुसळायला जागा हवी. शक्य असेल तर हलक्या वाइनकडून जड वाइनकडे जा. सुरुवातीलाच कॅबरनेच्या टॅनिनने तोंड आवळलं तर नंतरची पिनो न्वार पाण्यासारखी लागेल. आकडे टाकले असतील तर हा क्रम लावायचं काम ज्याला बाटल्या माहीत आहेत त्याचं. पूर्ण अंधपणाच हवा असेल तर पुढच्या फेरीत उलट क्रमाने पुन्हा चाखा.

## ७. पाहणं

यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घालवू नका. ग्लास दांडीला धरून पांढऱ्या कागदावर तिरका करा. कडेला जांभळट झाक असेल तर वाइन कोवळी, विटकरी झाक असेल तर वय झालेली किंवा उष्णतेने अकाली थकलेली. खालची अक्षरं वाइनमधून वाचता आली तर रंग फिकट, पिनो न्वारकडचा. शिराझमधून सहसा काही वाचता येत नाही. गडद म्हणजे भारी, असं मात्र काही नाही.

ग्लास फिरवल्यावर आतून उतरणाऱ्या धारांकडे बघून लोक "वा, क्वालिटी!" म्हणतात. त्या धारा मुख्यतः अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे पडतात. त्यांतून दर्जा कळत नाही.

## ८. हुंगणं

पहिल्यांदा न हलवता. ग्लास नाकाशी आणा आणि दोन छोटे श्वास घ्या. दोष शोधायची हीच वेळ, कारण नाकाला वासाची सवय फार पटकन होते:

- ओला पुठ्ठा, तळघरातलं दमट वर्तमानपत्र: बुचाचा दोष. फळांचे वास दबलेले असतात. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढत जातो.
- नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर: जिवाणूंनी वाइन आंबवलेली.
- कापलेलं, काळं पडलेलं सफरचंद: हवा जास्त लागलेली.
- तबेला, जखमेवर लावायची चिकटपट्टी: एका विशिष्ट यीस्टचं काम. अगदी थोडा असेल तर काहींना आवडतो, त्यामुळे वाद घाला, पण बाटली लगेच परत करू नका.
- सडकं अंडं, विझलेली काडी: हवेअभावी. ग्लास जोरात घुसळून दहा मिनिटं ठेवा, बहुतेकदा जातो.

मग घुसळा. ग्लास टेबलावरच ठेवून तळाला दोन बोटं धरा आणि छोटी वर्तुळं काढा. हवेत उचलून फिरवायचं कौशल्य नंतर येईल, तोवर शेजाऱ्याचा पांढरा शर्ट वाचेल. पुन्हा दोन-तीन छोटे श्वास घ्या. एकच खोल श्वास घेतला तर अल्कोहोल आधी भिडतं आणि नाक बधिर होतं. नाक थकलं तर स्वतःची बाही किंवा मनगटाची कातडी हुंगा. रोजच्या ओळखीच्या वासावर नाक पुन्हा जागेवर येतं. कॉफीच्या बिया नको, तो आणखी एक तीव्र वास.

वासांची नावं सुचायला शेजारच्या खोलीत झाकलेल्या वाट्या ठेवा: कुटलेले मिरे, लवंग, दालचिनी, सिमला मिरचीचा ताजा काप, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, काळे मनुके, भिजवलेला पुठ्ठा. अडलं की जाऊन हुंगायचं आणि परत यायचं. वाट्या टेबलावर ठेवल्या तर सगळ्यांनाच सगळीकडे लवंग सापडते.

काय कुठून येतं हे माहीत असलं की शोध सोपा होतो. शिराझमधला मिऱ्याचा वास रोटुंडोन नावाच्या रेणूचा, तोच रेणू खऱ्या मिऱ्यातही असतो. साधारण पाचातल्या एकाला हा वास जवळजवळ येतच नाही, त्यामुळे "मिरी कुठंय?" यावर भांडू नका, दोघेही खरं बोलत असतील. कॅबरनेमधली सिमला मिरची द्राक्ष पुरतं पिकलं नसल्याची खूण. लवंग, व्हॅनिला, ओलं खोबरं हे ओकच्या लाकडी पिंपातून येतात, खोबरं विशेषतः अमेरिकन ओकमधून.

परदेशी पुस्तकांतली ब्लॅककरंट, कॅसिस ही नावं पाठ करू नका. ज्याने ब्लॅककरंट कधी खाल्लंच नाही त्याने ते लिहून उपयोग काय? जांभूळ, करवंद, आमसूल, काळा मनुका, गूळ, ओली माती, जे आठवेल ते लिहा. एकच अट: पुढच्या वेळी तोच वास आला की तोच शब्द वापरायचा.

## ९. तोंडात घेणं

घोट मोठ्या चमच्याएवढा, दहा-पंधरा मिली. कमी घेतली तर लाळेत पातळ होते, जास्त घेतली तर फिरवता येत नाही. आठ-दहा सेकंद तोंडभर, हिरड्यांपर्यंत फिरवा. मग ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. सुर्रकन आवाज होईल, होऊ द्या. त्या हवेने वास घशामागून नाकात पोचतात. थुंका. नाकाने श्वास सोडा.

आता नेहमीची चूक टाळा: एकाच घोटात सगळं ओळखायचा प्रयत्न नको. एक घोट, एक प्रश्न.

पहिला घोट: काहीही लिहू नका. तोंडाला वाइनची सवय नसते, पहिला घोट सगळ्यांनाच तीव्र लागतो.

दुसरा घोट, आम्लता. थुंकल्यावर मान खाली करा. लाळ किती सुटली? लिंबूपाणी आठवा. कमी, मध्यम की जास्त, तीनच खाने.

तिसरा घोट, टॅनिन. ओठाची आतली बाजू जिभेने चाचपा. खरखर आहे का? नुसती किती हे नको, कशी तेही लिहा: मखमली, दाणेदार की कच्च्या केळ्याच्या सालीसारखी ओढणारी. कॅबरनेमध्ये ती सहसा हिरड्यांवर पसरते. पिनो न्वारमध्ये शोधावी लागते.

चौथा घोट, अल्कोहोल आणि वजन. घशात ऊब किती? वाइन तोंडात पातळ वाटते की भरीव? बाटलीवरचा टक्का आधी पाहू नका. साडेबारा आणि साडेचौदातला फरक ऊबेवरून ओळखता यायला हवा.

गोडवा तपासायचा असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. पिकलेल्या फळाच्या वासामुळे कोरडी वाइन गोड असल्याचा भास होतो. नाक बंद केल्यावर गोडवा नाहीसा झाला तर तो वासाचा होता. राहिला तर खरंच साखर आहे.

शेवटी रेंगाळणं मोजा. थुंकल्यापासून चव किती सेकंद टिकते? पाच सेकंदांच्या आत संपली तर आखूड, दहा-बाराच्या पुढे गेली तर लांब. पण काय टिकतंय तेही बघा. फळ, मसाला टिकला तर गुण. नुसता कडूपणा किंवा जळजळ टिकली तर ती लांबी मोजू नका.

सावधान: टॅनिन घोटागणिक साठत जातं. थांबा न घेता चाखलं तर तिसरी वाइन नेहमीच सर्वांत तुरट ठरते, मग ती कोणतीही असो. दोन वाइन्सच्या मध्ये पाव, पाणी आणि दोन मिनिटं.

## १०. लिहा, मग बोला

चर्चेआधी प्रत्येकाने स्वतःचा कागद पुरा करायचा. टेबलावरचा सर्वांत ठाम आवाज "चेरी!" म्हणाला की पुढच्या मिनिटभरात सगळ्यांना चेरी लागते.

कागदावर प्रत्येक ग्लाससाठी पाच ओळी पुरतात: रंग आणि कड; दोष आहे की नाही; आम्लता, टॅनिन, अल्कोहोल, वजन (कमी/मध्यम/जास्त); दोन किंवा तीन वास; रेंगाळणं सेकंदांत. "छान, स्मूद, भारी" हे शब्द बाद. दुसऱ्या दिवशी वाचल्यावर त्यांतून काहीच आठवत नाही.

त्यानंतर दर्जाचा प्रश्न. आवडली की नाही आणि चांगली आहे की नाही, ही दोन वेगळी उत्तरं आहेत, दोन्ही लिहा. चांगली ठरवताना बघायचं ते असं: आम्ल, टॅनिन, अल्कोहोल यांतलं काही एकटंच पुढे आलंय का, वास स्पष्ट आहेत का, ते ग्लासात पंधरा मिनिटांत बदलतात का, चव टिकते का. टॅनिन जास्त असूनही बाकी सगळं त्याच्या तोडीचं असेल तर वाइन चांगली, फक्त कोवळी. टॅनिन जास्त आणि मागे फळच नाही, तर ती कितीही वर्षं ठेवलीत तरी सुधारणार नाही.

आता बाटल्यांवरचा कागद काढा. चौथा ग्लास कोणता होता हे किती जणांना कळलं ते पाहा. कुणालाच कळलं नसेल तर पुढच्या वेळी तीनऐवजी दोनच वाइन्स घ्या.

## ११. उरलेली वाइन

चार जणांचे ग्लास भरून आणि दोषाची तपासणी धरूनही, चौथ्या ग्लाससाठी वापरलेली बाटली सोडली तर बाकी दोन बाटल्यांत निम्म्याहून जास्त वाइन उरते. आता जेवण आणा आणि याच वाइन्स मटणाच्या रश्शासोबत, वांग्याच्या भरतासोबत, चीजसोबत पुन्हा घ्या. तिखट रश्श्यासोबत जास्त अल्कोहोलची शिराझ किती जाळते आणि हलकी, थोडी थंड रेड कशी निभावून नेते, हे इथे कळतं. मटणातल्या आणि चीजमधल्या प्रथिनांनी कॅबरनेचं टॅनिन मऊ होतं, आदल्या दिवशी चहात दूध घातल्यावर झालं तसंच.

त्यातूनही उरलेली वाइन स्वच्छ, वास नसलेल्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. अर्धी रिकामी बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर आतली हवा आपलं काम करतच राहते. काठोकाठ भरलेली रेड तीन-चार दिवस चांगली राहते. पुन्हा चाखताना ग्लासात ओतून पंधरा मिनिटं थांबा आणि जुना कागद शेजारी ठेवा. टॅनिन मऊ आणि वास मोकळे झाले असतील तर पहिल्या दिवशी तिला जगमध्ये आणखी वेळ द्यायला हवा होता. फळ विझून व्हिनेगरकडे झुकली असेल तर ती स्वयंपाकातही वापरू नका.